वेरूळचा ‘सुतार का झोपडा’ आणि आमच्या माळ्यावरची पेटी

छत्रपती संभाजीनगरापासून वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळचा डोंगर आहे. कैलास लेण्यापुढे उभे राहून थक्क झालेला प्रवासी बहुधा तेथूनच परत फिरतो. परंतु आपल्या समाजातील मंडळी वेरूळास गेली म्हणजे त्यांची पावले थोडी पुढे, दक्षिण टोकाकडील बौद्ध लेण्यांकडे वळतात. त्या बारा लेण्यांत चैत्यगृह एकच, आणि ते दहाव्या क्रमांकाचे. विद्वान त्यास विश्वकर्मा लेणे म्हणतात. पंचक्रोशीतील माणसे त्यास ‘सुतार का झोपडा’ म्हणून ओळखतात. या झोपड्याविषयी आणि त्याच्या निमित्ताने आमच्या घरातील एका जुन्या पेटीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. या दोहोंचा परस्परसंबंध काय, अशी शंका वाचकांस येईल. तिचे निरसन पुढे होईल, अशी आशा आहे.

हे लेणे इसवी सनाच्या सातव्या शतकातील होय. आतील दालन सुमारे ८६ फूट लांब, ४३ फूट रुंद आणि ३४ फूट उंच असून त्यात २८ अष्टकोनी स्तंभ आहेत. शेवटी स्तूप आणि स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती आहे. ही मूर्ती भगवान बुद्धांचीच, याविषयी इतिहासात दुमत नाही. तथापि गेल्या शतकांत दूरदूरचे सुतार येथे येत आणि याच मूर्तीस विश्वकर्मा मानून नमस्कार करीत, अशी नोंद लेण्यांचे अभ्यासक जेम्स बर्जेस यांच्या काळापासून आढळते. मूर्तीचे दोन्ही हात उपदेशाच्या मुद्रेत छातीशी आहेत. लोकसमजूत अशी की, काम करता करता विश्वकर्म्याच्या बोटास हत्यार लागले आणि तो ते बोट धरून बसला आहे. इतिहासाच्या दृष्टीने या कथेस आधार नाही. परंतु ती रचणारा मनुष्य सुतारच असला पाहिजे, अशी आमची खात्री आहे. बोट कापून घेतल्याखेरीज हे काम येत नाही, हे दुसऱ्या कोणास सुचणार?

आता छताकडे पाहू. वर कमानदार छत आहे आणि त्यावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलेले वाकविलेल्या वाशांसारखे दगडी वासे ओळीने कोरलेले आहेत. येथेच क्षणभर विचार करावयास हवा. छत अखंड खडकाचे आहे. त्यास वाशांचा आधार मुळीच लागत नाही. ते वासे उद्या तासून टाकले, तरी डोंगर खाली येणार नाही. मग पाथरवटांनी एवढे श्रम का घेतले? उत्तर असे की, लेणी खोदली जाण्यापूर्वी ही चैत्यगृहे लाकडाची असत आणि त्यांचे छत खरोखरच वाकविलेल्या वाशांवर तोललेले असे. लाकडाची ती घरे काळाच्या ओघात गेली. पण डोळ्यांत बसलेली त्यांची आकृती कारागिरांनी दगडात जपली. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथे तर या इतिहासाचा मधला दुवा आजही पाहावयास मिळतो. तेथे खडकाच्या छताखाली खरे सागवानी वासे बसविलेले आहेत आणि दोन हजार वर्षांच्या सुमाराचे ते लाकूड अद्याप टिकून आहे. कार्ल्यास लाकूड दगडाला टेकले. वेरूळास दगडच लाकूड झाला. म्हणूनच आमच्या वाडवडिलांना हे लेणे आपल्या घराच्या आढ्यासारखे वाटले आणि त्यांनी त्यास झोपडा म्हटले.

कार्ल्याच्याच लेण्यात एका सुताराचे नाव कोरलेले आहे. धेनुकाकट गावचा वर्धकी, म्हणजे सुतार, सामी, वेणुवासाचा पुत्र, याने दरवाजा केला, असा तो ब्राह्मी लेख सांगतो. लाकडावर हात बसलेला हा मनुष्य दगडाच्या कामात उतरला होता. आपल्या जिल्ह्यातील कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीवरील लेख याहून विलक्षण आहे. ती मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असे तो म्हणतो. सांचीच्या तोरणावरील काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले, असेही तेथे लिहिलेले आहे. कैलास लेण्याची कथा सांगणाऱ्या मराठी ‘कथाकल्पतरू’त शिखरापासून खाली कोरत येण्याची युक्ती काढणारा कारागीर कोकास हा पैठणचा आहे, आणि प्राचीन जैन कथांत याच नावाचा पुरुष लाकडी यंत्रे करणारा म्हणून येतो.

एवढी उदाहरणे देण्याचा हेतू एकच. कारागिरी ही जन्माबरोबर मिळालेली आणि मरेपर्यंत एकाच पदार्थाशी बांधलेली वस्तू आहे, असे आपण समजून चालतो. प्राचीन कारागीर तसे समजत नव्हते. सोनार दगडाकडे गेला, सुतार दगडाकडे गेला, दंतकारही गेला. शिकलेला हात नव्या पदार्थाशी नव्याने ओळख करून घेई.

मधल्या काळात मात्र गावगाड्याची चौकट घट्ट झाली. बारा बलुतेदारांत सुतार हा महत्त्वाचा. नांगर, तिफण, कुळव, बैलगाडी, मोट, दाराची चौकट, पाळणा आणि अखेरची तिरडी सजविण्यासाठी लागणारे लाकूड, सर्व काही त्याच्या हातून जाई. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. सुतारमेट हे गावचे बोलण्याचे ठिकाण असे. पावसाळ्यापूर्वी औतांची दुरुस्ती करून घेण्यासाठी शेतकरी तेथे रांग लावीत. हे चित्र आज फार रम्य वाटते. पण खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहणाऱ्या माणसास ते तसे वाटत नव्हते. पीक बुडाले की वाटाही बुडे, आणि काम मात्र बुडत नसे. ज्याच्या औतावाचून पेरणी अडे, त्यास पंक्तीत कोठे बसावे हे दुसरेच ठरवीत. हा इतिहास स्मरणिकेच्या पानांत झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे काळ बदलला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. महाराष्ट्राच्या शेतीस त्याने बळ दिले, परंतु लाकडी नांगराचा काळ संपण्यास तेथूनच आरंभ झाला. त्यामागून रबरी चाकांच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, लोखंडी कपाटे आली, प्लायवूड आणि सनमायका आले. आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ नंतर शाळा-महाविद्यालयांची दारे उघडली. १९५८ मध्ये विद्यापीठ झाले. नंतर चिकलठाणा व वाळूज येथे कारखाने उभे राहिले. समाजातील तरुणांनी वाकस खाली ठेवला आणि लेखणी, पाना किंवा खडू हाती घेतला. त्यात त्यांची काय चूक? पोटास स्थैर्य आणि मानास जागा, दोन्ही त्यांना तेथेच दिसली.

आमचे वडील त्यांपैकीच एक. खुलताबाद तालुक्यातील आमच्या गावातून ते १९६० नंतर शहरात आले. येताना आजोबांच्या हत्यारांची पेटी त्यांनी बरोबर आणली आणि माळ्यावर ठेविली. वर्षातून एकदा, खंडेनवमीस, ती खाली उतरे. वाकस, दोन पटाश्या, करवत, रंधा, सामता, गुण्या आणि मध्ये झिजून होडीसारखा झालेला निसणा, एवढा तिचा संसार. सर्वांस हळदकुंकू लागे, फूल वाहिले जाई आणि दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा वर जाई. आम्ही लहान असताना एकदा करवत घेऊन खुर्चीच्या पायावर चालविली. वडिलांनी ती हातातून काढून घेतली आणि म्हणाले, “याला नमस्कार करायचा, हात लावायचा नाही. हात पुस्तकाला लाव.” रागावले असते तर आम्ही विसरून गेलो असतो. परंतु त्यांचा आवाज रागाचा नव्हता, भीतीचा होता. तो आज इतक्या वर्षांनीही कानांत आहे.

आम्ही पुस्तकास हात लाविला. शासकीय सेवेत रुजू झालो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीस पेटी उतरविली, तेव्हा वडील नव्हते. रंध्याचे पाते गंजाने तांबडे झाले होते. हळदीचे जुने थर त्यावर चढले होते आणि धार नावाला उरली नव्हती. ज्याची आपण पूजा करतो, त्यास आपणच मरू दिले आहे, हे त्या क्षणी ध्यानात आले. त्या वर्षी पेटी पुन्हा माळ्यावर गेली नाही.

शिकविणारा शोधावा लागला नाही. आमचे थोरले चुलतबंधू आजही गावी काम करतात. त्यांचे वय बहात्तर. त्यांच्याकडे जाऊन आम्ही म्हटले, “दादा, मला शिकवा.” ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “आरं, साहेब झालास की तू. आता हे कशाला?” परंतु दुसऱ्याच रविवारी त्यांनी आम्हांस निसण्यापुढे बसविले आणि तीन आठवडे धार लावण्याखेरीज दुसरे काहीही करू दिले नाही. पात्याचा उतार सुमारे २५ अंशांचा, धारेची अखेरची कड ३० अंशांची, हे पुढे आम्ही पुस्तकात वाचले. दादांना अंश ठाऊक नाहीत. ते पाते निसण्यावर टेकवितात आणि ते ‘बसले’ की नाही, हे त्यांच्या बोटांस कळते.

आमची पहिली कृती म्हणजे देवापुढचा पाट. फळी जुन्या वाड्याच्या सागवानाची होती. रंधा मारून ती आरशासारखी केली, खाली दोन आडव्या पट्ट्या सरस लावून व खिळे ठोकून पक्क्या बसविल्या आणि दिवाळीत घरच्यांची वाहवा मिळविली. वैशाखात पाट मधोमध तडकला. तो घेऊन आम्ही अपराध्यासारखे दादांकडे गेलो. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि विचारले, “फळीला हलायला जागा कुठं ठेवलीस?” तेव्हा उमगले की, लाकूड तोडल्यावरही ऋतूंबरोबर श्वास घेत असते. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. आडवी पट्टी घट्ट जखडली, तर आकसणाऱ्या फळीस तडकण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून जुने सुतार फळीत आतून रुंद, वर अरुंद अशी खाच घेऊन पट्टी त्यात सरकवीत. खिळा नाही, सरस नाही. पट्टी फळीस सरळ ठेवते आणि हलूही देते. हे ज्ञान कोणत्याही शिलालेखात नाही. ते आमच्या आजोबांच्या हातात होते, दादांच्या हातात आहे, आणि आमच्या हातात येता येता राहिले होते.

आता समाजातील एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. एका मेळाव्यात आम्ही या छंदाविषयी बोललो, तेव्हा एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, “ज्या वाकसाने आमच्या बापाची कंबर मोडली, तो हौसेने हाती घेण्याचे सुख तुम्हांस लखलाभ होवो. आम्ही त्यातून सुटलो आहोत.” सभेत शांतता पसरली. आम्हांसही तत्काळ उत्तर सुचले नाही. त्यांच्या बोलण्यात आमच्या वडिलांचाच आवाज होता, आणि तो खोटा नव्हता.

पुष्कळ विचारांती आमचे मत असे झाले आहे की, कंबर वाकसाने मोडली नाही; दुसरा मार्ग नसल्याने मोडली. काम नाकारण्याचे स्वातंत्र्य ज्यास नाही, त्यास तेच काम ओझे होते. ते स्वातंत्र्य आमच्या वडिलांनी आम्हांस मिळवून दिले. साठीच्या उंबरठ्यावर आम्ही रंधा हाती घेतला, तो बलुत्यासाठी नव्हे, पोटासाठीही नव्हे. तेव्हा आम्ही त्यांचे श्रम वाया घालवीत नाही. त्यांनी मिळविलेल्या मोकळीकीचाच उपभोग घेत आहोत. सुटलेल्या माणसाने परत येणे आणि बांधलेल्या माणसाने तेथेच राहणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

जगाच्या इतिहासातही हे पाहावयास मिळते. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ मध्ये हस्तकामास प्राथमिक शिक्षणात स्थान मिळाले. पुढे स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमन यांनी शिक्षकांस लाकूडकाम शिकविणारी संस्था चालविली. सुतार घडविणे हा तिचा हेतू नव्हता, हातातून माणूस घडविणे हा होता. महात्मा गांधींनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय आश्रम स्थापिला. तेथे वास्तुशिल्पी कॅलनबाख हे चपला करण्याची कला शिकून आले आणि वयाची चाळिशी ओलांडलेल्या बॅरिस्टर गांधींनी ती त्यांच्यापासून शिकून घेतली. सुतारकामाचाही छोटा वर्ग तेथे चाले. याच विचारातून १९३७ मध्ये आपल्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर नयी तालीम आकारास आली आणि तिच्या मूलोद्योगांत सुतारकामास स्थान मिळाले. ज्या कामास गावगाड्याने पायरी ठरवून दिली होती, ते प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचे साधन व्हावे, अशी ती कल्पना होती.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी जानेवारी १९८१ मध्ये पद सोडले, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून त्यांना सुतारकामाची सामग्री दिली. शेतावर वाढल्यामुळे हातास लाकडाची ओळख बालपणीच झाली होती. त्यांनी प्लेन्स गावी घरच्या गॅरेजमध्ये कार्यशाळा थाटली. पुढे त्यांच्या हातच्या वस्तूंचा लिलाव होऊन त्या पैशातून त्यांच्या सेवाकार्यास मदत होई. ते २९ डिसेंबर २०२४ रोजी शंभराव्या वर्षी निवर्तले. एवढ्या मोठ्या पदावरून उतरलेल्या माणसास पटाशी हाती घेण्यात कमीपणा वाटला नाही. तो आपल्यास का वाटावा?

आज आपल्या शहरात निवृत्त डॉक्टर, अभियंते आणि प्राध्यापकही हौसेने सुतारकाम शिकताना दिसतात. ते अन्य समाजांतील आहेत म्हणून कोणी नाक मुरडू नये. सोनार असून यक्ष घडविणाऱ्या कण्हदासास पितळखोऱ्यात कोणी अडविले नव्हते. तसेच आपल्या घरातील मुलींनाही कोणी अडवू नये. आमची दहा वर्षांची नात आमच्या शेजारी बसून रंधा मारते, आणि सालपट अखंड निघाले की ते कानावर माळते. आमच्या आजीस वाकस ओलांडण्याचीही मुभा नव्हती.

समाजातील जे बंधुभगिनी उतारवयात हे काम हाती घेऊ इच्छितात, त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. प्रथम धार लावण्यास शिका. बोथट हत्यारच बोट कापते, कारण त्यास जोर लावावा लागतो. हत्यारे थोडी घ्या: एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि निसणा एवढ्यावर वर्ष निघते. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. आरंभी पाट, पोळपाट, चौरंग अशा घरात लागणाऱ्या वस्तू कराव्यात. भुशाच्या वेळी नाकातोंडास फडके बांधावे आणि विजेच्या करवतीपाशी एकट्याने बसू नये. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या छंदाने कोणाच्या पोटावर पाय येता कामा नये. फुकट किंवा अल्प दरात कामे करून, जे बांधव आजही यावर संसार चालवितात, त्यांचे गिऱ्हाईक तोडू नये. उलट त्यांच्याकडे शिष्य म्हणून जावे, शिकविण्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि त्यांच्या तोंडची हत्यारांची, सांध्यांची, लाकडांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना आरंभिली. तिच्यात सुतारकामही आहे. शासन शासनाचे करील. परंतु दादांसारख्यांच्या बोटांत असलेले ज्ञान उतरवून घेण्याचे काम घरच्यांचेच आहे.

गेल्या माघात नातीस घेऊन आम्ही पुन्हा वेरूळास गेलो. दहाव्या लेण्यात ती बराच वेळ मान वर करून उभी होती. मग तिने विचारले, “आजोबा, हे वासे काहीच धरून ठेवत नाहीत, तर मग कशाला केले?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस प्रारंभी देता आले नसते, आता येते. त्या वाशांवर छत तोललेले नाही. परंतु लाकडात ज्यांनी पहिल्यांदा ते वाकविले, त्या नाव नसलेल्या कारागिरांची आठवण त्यांवर तोललेली आहे, आणि ती तेराशे वर्षे पडलेली नाही. आमच्या हातचे पाट आणि चौरंगही तसेच. त्यांवर आमचा संसार चालत नाही. तो निवृत्तिवेतनावर चालतो. पण आजोबांचा वाकस त्यांच्या योगाने गंजावाचून राहिला आहे, आणि दादांची बोटे जे जाणतात त्यातील थोडे नातीच्या बोटांत उतरले आहे. येत्या खंडेनवमीस प्रत्येक घरातील पेटी खाली उतरेल. हळदकुंकू वाहून झाल्यावर ती पुन्हा माळ्यावर ठेवण्यापूर्वी रंध्याचे पाते एकदा निसण्यावर फिरवून पाहावे, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.